दिवे घाटापलीकडची अंजिरे

सहरी उरकली, फज्रची नमाज अदा केली आणि आम्ही मायलेक घराबाहेर पडलो. पुण्याचे रस्ते अजून रिकामे होते. हडपसर मागे पडले, फुरसुंगी आणि उरुळी देवाची गेली, वडकीच्या पुढे गाडीने वळण घेतले आणि समोर दिवे घाट उभा राहिला. पायथ्याशी मस्तानी तलाव आहे. आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी हाच घाट चढून सासवडला मुक्कामाला जाते. आम्ही गेलो ते मार्चचे दिवस होते. डोंगर पिवळा पडलेला, रस्ता रुंद करण्याचे काम चाललेले, आणि माझा मुलगा गाडी चालवता चालवता मला हिशोब सांगत होता.

हिशोब असा होता. यंदा रमजान अंजिराच्या ऐन हंगामात आला होता. आपल्या घरांत इफ्तारला खजुराबरोबर अंजीर असतेच, पण ते सुके, बहुतेक अफगाणिस्तानातून आलेले. मग ताजे का नको? सकाळी झाडावरून काढलेले अंजीर दुपारपर्यंत घरोघर पोचवायचे, पाव-पाव किलोचे डबे करायचे, मागणी मोबाइलवर घ्यायची.

"अम्मी, माल फक्त स्वस्तात मिळायला हवा," तो म्हणाला. "नानांची तिथे ओळख आहे ना? यंदा रोजचा घेऊ. पण पुढच्या बहराची एक अख्खी बागच आत्ता ठरवून टाकू. पैसे आधी दिले तर कमी भावात देतील."

मी काही बोलले नाही. अशी ठरवून घेतलेली बाग आमच्या घराने एकदा घेतली होती. त्याची गोष्ट मुलाला त्या बागेतच सांगावी, म्हणून तर मी अब्बांची जुनी वही पिशवीत घालून त्याच्याबरोबर निघाले होते.

आम्ही बागवान. शब्द फारसी आहे, अर्थ बाग राखणारा. महाराष्ट्रातल्या बहुतेक बाजारपेठेच्या गावांत बागवानांची घरे सापडतात. फळे आणि भाजीपाला हा पिढीजात धंदा. नावात बाग असली, तरी आमच्यातल्या बऱ्याच जणांच्या मालकीचे एक झाडही नसते. बाग शेतकऱ्याची, आम्ही तिची फळे बाजारात नेणारे. माझे अब्बा चाळीस वर्षे पुरंदरचा माल पुण्याला आणत. पावसाळ्यात सीताफळ, थंडी-उन्हाळ्यात अंजीर.

घाट चढून वर आले की हवा बदलते. पुरंदर तालुका सह्याद्रीच्या पूर्वेला, पावसाच्या सावलीत आहे. किल्ल्याच्या बाजूला पाऊस बरा असतो, पूर्वेकडे जावे तसा तो कमी होत जातो. जमीन हलकी, मुरमाड. धान्याच्या पिकाला ही जमीन फार देत नाही, पण अंजिराला नेमकी हीच मानवते. अंजिराच्या मुळाशी पाणी साचले की मूळ कुजते. हवा दमट झाली की पानांवर तांबेरा पडतो. फळ पिकताना पाऊस आला तर फळ फुटते आणि आंबते. कोरडी हवा, निचऱ्याची जमीन आणि बेताचे पाणी असले की झाड खुशीत असते. म्हणून दिवे, सोनोरी, झेंडेवाडी, गुरोळी, सिंगापूर, वाघापूर, खळद या गावांनी अंजीर धरले. 2016 साली पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे पुरंदरचे अंजीर हे नाव आता इतर कुठल्या मालाला लावता येत नाही. जाधववाडीला कृषी विद्यापीठाचे अंजीर आणि सीताफळ संशोधन केंद्र आहे.

कुरआनातील 95 व्या सूरहचे नाव अत्तीन, म्हणजे अंजीर. लहानपणी मदरशात ती पाठ करताना माझ्या डोळ्यांपुढे कुठला दूरचा देश येत नसे. अब्बांच्या टेम्पोत बसून पाहिलेली ही घाटापलीकडची झाडेच येत.

रस्त्यापासून आत वळून आम्ही तात्यांच्या बागेत पोचलो तेव्हा तोडणी सुरू झाली होती. बाग दीड एकराची, सव्वादोनशे झाडे. तात्यांनी ऐंशी ओलांडली आहे. ते आंब्याखाली बाजेवर बसून असतात आणि बाग त्यांचा मुलगा व सून बघतात. मुलगा सकाळचा माल घेऊन गेला होता. सूनबाई, म्हणजे आमच्या वहिनी, डोक्याला फडके आणि हाताला जुने कापड गुंडाळून झाडाखाली वाकून होत्या.

"या ताई. रोजा आसंल ना? मग पाणी बी विचारत न्हाय," त्या म्हणाल्या. "पर जाताना घरी न्यायला देते, संध्याकाळी खा."

अंजीर तोडणे दिसते तितके सोपे नाही. देठ मोडला की पांढरा चीक निघतो. तो बोटांच्या बेचक्यात लागला की खाज सुटते, कातडी सोलवटते. फळ ओढायचे नाही, देठासकट हलके वळवून काढायचे. ऊन चढायच्या आत संपवायचे, कारण उन्हात फळ मऊ पडते आणि एकमेकांच्या भाराने दबते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे अंजीर एकदम पिकत नाही. फांदीवरचे खालचे फळ आधी, मग त्याच्या वरचे, असे दोन-अडीच महिने रोज थोडे थोडे पिकत जाते. रोज प्रत्येक झाडाखाली जावे लागते, प्रत्येक फळ डोळ्यांनी पाहावे लागते. आज राहिलेले फळ उद्या पाखरांचे.

हे काम यंत्राने होत नाही. मजूर लावून सांभाळून होईलच याचीही खात्री नाही. घरचे चार हात रोज बागेत असतील तरच अंजीर परवडते. म्हणून हे लहान शेतकऱ्याचे पीक आहे. एक-दीड एकरवाला माणूस इथे मोठ्या बागाईतदारापेक्षा कमी पडत नाही, उलट त्याचे फळ जास्त निगुतीने निघते.

पण त्याची अडचणही इथेच आहे. मुलाने विचारले, "मामी, भाव कमी असला तर दोन दिवस थांबत का नाही?"

वहिनी हसल्या. "बाळा, कांदा चाळीत ठेवता येतो, ज्वारी कणगीत ठेवता येती. अंजीर कुठं ठेवू? आज तोडलं ते आज गेलं पायजे. गाडी बागेतनं निघाली की भाव आमच्या हातात न्हाय."

अंजीरवाल्याला "उद्या बघू" म्हणता येत नाही. समोरच्या खरेदीदाराला मात्र म्हणता येते. भाजीपाला आणि नाजूक फळांच्या सगळ्या व्यवहारात ही एक गोष्ट मुळाशी आहे. माल जितका लवकर नासणारा, तितका पिकवणारा दुबळा आणि घेणारा जोरावर. बाजारात भाव पडला तर माल परत आणायचा म्हणजे भाड्यावर भाडे, आणि परत येईपर्यंत फळाचा लगदा.

वहिनींनी घरातून पट्ट्यांचा गठ्ठा आणून दाखवला. आडत्या माल विकून जो हिशोबाचा कागद देतो, ती पट्टी. त्यात वर विक्रीची रक्कम असते, खाली गाडीभाडे, हमाली, तोलाई असे एकेक वजा होत जाते. पूर्वी आडतही शेतकऱ्याच्याच पट्टीतून जायची. 2016 च्या जुलैत राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला आणि आडत खरेदीदाराने द्यावी असे ठरले. त्याने फरक पडला. तरीही खोका, कागद, तोडणीची मजुरी हे खर्च पट्टीत दिसतच नाहीत, ते घरातूनच गेलेले असतात.

तात्यांनी मला हाक मारली. "बागवानाची लेक ना तू? बस हितं." मी बाजेच्या कडेला बसले, मुलाला जवळ बोलावले आणि पिशवीतून वही काढली. लाल कापडी बांधणीची, कडा झिजलेली. तात्यांनी ती ओळखली.

त्या वर्षी मी आठवीत होते. तात्यांची विहीर खोदून अर्धवट राहिली होती, पैसे संपले होते. पावसाळा सरला होता. मिठ्या बहराची छाटणी झालेली, झाडांवर फळ सोडाच, धड पानही नव्हते. अब्बांनी तात्यांची बाग खोतीने घेतली. म्हणजे येणाऱ्या बहराचे सगळे फळ एका ठोक रकमेला ठरवले आणि अर्धी रक्कम इसार म्हणून हातावर ठेवली. तात्यांना नड होती, त्यामुळे त्यांनी रकमेवरून घासाघीस केली नाही. असे व्यवहार तेव्हा सर्रास होत, आजही होतात.

तो बहर जोरदार आला. भावही चढा राहिला. अब्बांना खोतीच्या तिप्पट पैसे मिळाले. आणि तात्या काय करत होते? ते स्वतःच्याच बागेत अब्बांच्या माणसांबरोबर मजुरीने अंजीर तोडत होते. मी शाळेला सुट्टी असताना टेम्पोबरोबर यायची, तेव्हा हे पाहिलेले मला आठवते. त्यात काही चुकते आहे असे तेव्हा आम्हांला कोणालाच वाटले नव्हते.

दुसऱ्या वर्षी पुन्हा तसाच सौदा झाला. फळ पाडाला लागले आणि मार्चमध्ये गारांचा पाऊस झाला. अर्ध्या तासात बाग झोडपून गेली. अब्बा इसाराचे पैसे परत मागायला गेले. तात्यांकडे पैसे नव्हते, ते विहिरीत गेले होते. त्यांनी दावणीच्या गाईकडे बोट दाखवले आणि म्हणाले, "ही न्या, बागवान."

अब्बा घरी येऊन म्हणाले की उद्या टेम्पो घेऊन जातो आणि गाय आणतो. दादी तांदूळ निवडत होती. तिने विचारले, "गेल्या साली ज्यादा मिळाले ते परत दिले होतेस का?"

"तो सौदा होता, अम्मी."

"मग हापण सौदाच होता."

अब्बा चिडले. पण त्यांच्या मनाला ते लागले असावे. इशाच्या नमाजनंतर ते आमच्या मशिदीच्या मौलानांकडे थांबले. तो प्रसंग अब्बांनी पुढे आम्हा भावंडांना कितीदा सांगितला असेल, त्याला हिशोब नाही. अब्बांना एक हदीस ठाऊक होती. माननीय जाबिर (रजि.) यांच्याकडून आलेली आहे. तिचा आशय असा की, तू आपल्या भावाला फळ विकलेस आणि त्यावर आपत्ती आली, तर त्याच्याकडून काही घेणे तुला उचित नाही. अब्बांना वाटले की मौलाना त्यांच्याच बाजूने बोलतील.

मौलाना म्हणाले, हदीस बरोबर आहे. मग त्यांनी विचारले, "सौदा केला तेव्हा झाडावर काय होते?"

"काही नव्हते."

तेव्हा मौलानांनी मदिन्यातली गोष्ट सांगितली. माननीय जैद बिन साबित (रजि.) सांगतात की, लोक झाडावरचे फळ फार लवकर विकून टाकत. तोडणीची वेळ आली की घेणारा म्हणे, फळावर रोग पडला, फळ गळून गेले, आणि त्यावरून तंटे होत. असे तंटे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापुढे फार येऊ लागले, तेव्हा फळाची पक्वता दिसू लागेपर्यंत ते विकू नये, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या हदीसमध्ये ही मनाई विकणाऱ्यालाही आहे आणि घेणाऱ्यालाही.

"म्हणजे तुमचा यंदाचा सौदा चुकीचा," मौलाना म्हणाले, "म्हणून तुम्ही इसार परत मागू शकता. पण मग गेल्या वर्षीचाही सौदा तितकाच चुकीचा. मग ते फळ कोणाचे होते?"

अब्बांनी मनात हिशोब केला. गेल्या वर्षीची विक्री, त्यातून वाहतूक, मजुरी आणि स्वतःच्या मेहनतीचे पैसे वजा केले, दिलेली खोती वजा केली, यंदाचा बुडालेला इसारही वजा केला. तरी रक्कम तात्यांच्या बाजूला उरत होती.

मी वहीतले ते पान मुलापुढे धरले. तात्यांच्या नावापुढे आधी "येणे" लिहिलेले आहे. त्यावर एक आडवी रेघ आहे आणि बाजूला अब्बांच्या अक्षरात "देणे". खाली दोन वर्षांत थोडे थोडे करून फेडलेल्या रकमा आहेत. शेवटी एक तारीख आणि "फिटले".

तात्या म्हणाले, "मी घेत नव्हतो. बागवान म्हनला, घ्या न्हायतर मला झोप लागंना."

मुलगा बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिला.

त्यानंतर अब्बांनी धंद्याचे तीन नेम केले आणि मरेपर्यंत पाळले. फळ पिकल्यावर, तोडल्यावर, तराजूत घालून घ्यायचे. पैसे त्याच दिवशी द्यायचे. आणि शेतकऱ्याला नड असेल तर उसने द्यायचे, पण त्या उसन्याला त्याचे फळ बांधायचे नाही. बाजारातले काही जण हसले. पण दुष्काळाच्या वर्षी इतरांना माल मिळेना, तेव्हा घाटापलीकडून आमच्या गाळ्यावर पाट्या येतच राहिल्या.

मुलगा म्हणाला, "मग आधी पैसे देणे चुकीचेच का?" तसेही नाही. माननीय इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस आहे. मदिन्यातले लोक दोन-दोन, तीन-तीन वर्षे आधी फळांचे पैसे देत. प्रेषितांनी त्याला बंदी केली नाही, एवढेच सांगितले की माप ठरलेले असावे, वजन ठरलेले असावे आणि मुदत ठरलेली असावी. अमुक झाडाला येईल ते सगळे माझे, असे म्हणायचे नाही. अमुक वजनाचा, अमुक प्रतीचा माल अमुक तारखेला, आणि त्याचे पूर्ण पैसे आज, असे म्हणायचे. पहिल्यात शेतकऱ्याच्या अडचणीवर लावलेली पैज आहे. दुसऱ्यात त्याच्या हाती हंगामाआधी भांडवल येते आणि काय द्यायचे ते त्याला नेमके ठाऊक असते.

वहिनी मग आपली अडचण बोलू लागल्या. गेल्या बहराला त्यांनी मोबाइलवरून फळे विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीला माल दिला. भाव बाजारापेक्षा चांगला ठरला होता. पण माल शहरात गेल्यावर तिथे निवड व्हायची. रंग कमी आहे, आकार लहान आहे, देठाशी चीर आहे असे म्हणून दहातले तीन खोके बाद. बाद माल संध्याकाळी परत यायचा तेव्हा जनावरांपुढे टाकण्याच्याच लायकीचा असायचा. घेतलेल्या मालाचे पैसे तीन आठवड्यांनी. "भाव कागदावर मोठा दिसतो ताई," त्या म्हणाल्या. "पर मजुरीवालीला संध्याकाळी पैसे द्यायला लागतात. ती तीन हप्ते थांबंल का?"

वहिनींच्या तोंडून ऐकले तेव्हा मला जाणवले की ही नव्या कपड्यातली जुनीच खोती आहे. नुकसान कोणाच्या वाट्याला जावे हे ठरवण्याची वेळ आली की ते सगळ्यात लहान माणसाकडे ढकलले जाते.

सगळे चित्र काळे नाही. पुरंदरच्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन पुरंदर हायलँड्स नावाची उत्पादक कंपनी काढली आहे. ताजे अंजीर त्यांनी परदेशी पाठवले, आणि 2024 साली अंजिराचा तयार रस पोलंडला रवाना झाला. रसाची गोष्ट शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठी आहे. आमचे अंजीर सुकवण्याच्या कामाचे फारसे नाही, ते ताजेच खायचे. चिरलेले किंवा जास्त पिकलेले फळ पूर्वी बांधावर फेकले जायचे. त्याचा रस, जॅम, गर होऊ लागला की शेतकऱ्याला "उद्या बघू" म्हणण्याची थोडी ताकद येते.

पाण्याचे दुखणे मात्र आहेच. वहिनींनी शेततळे दाखवले, तळाला हिरवट पाणी होते. तालुक्याच्या बऱ्याच भागाला पुरंदर उपसा योजनेचे पाणी मिळते. ते मुळा-मुठेतून उचललेले असते, म्हणजे आम्ही पुणेकरांनी वापरून सोडलेले. आम्ही जे नदीत सोडतो, त्यावर घाटावरची शेते भिजतात आणि त्यांची फळे-भाजी पुन्हा आमच्या ताटात येते. पुणेकराने आपल्या नदीकडे यासाठी तरी पाहावे.

आणि वहिनींचे माहेर विमानतळासाठी नेमलेल्या सात गावांपैकी एकात आहे. 2016 मध्ये ही जागा जाहीर झाल्यापासून तिथले लोक एका पायावर उभे आहेत. या सात गावांत खानवडीही आहे, महात्मा जोतीराव फुल्यांच्या घराण्याचे गाव. शेतकऱ्याच्या लुबाडणुकीवर 1883 साली पुस्तक लिहिणाऱ्या माणसाचे. "भावानं पाच वर्सं नवं झाड लावलं न्हाय," वहिनी म्हणाल्या. "कुनासाठी लावायचं?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

ऊन चढू लागले. मुलाने मोबाइलवरचा जुना हिशोब पुसला आणि वहिनींच्या पट्ट्या समोर ठेवून नवा मांडला. पुण्याच्या बाजारात जो भाव निघेल त्यातून गाडीभाडे, हमाली, तोलाई गेल्यावर त्यांच्या हाती काय राहते ते काढले. त्याहून किलोमागे थोडे जास्त द्यायचे ठरवले. वजन इथेच, बागेत. पैसे संध्याकाळच्या आत मोबाइलवर. निवड इथेच करायची, आणि एकदा गाडीत घेतलेले फळ नासले तर ते त्याचे.

"अम्मी, मग मला काय राहील?" तो हळूच म्हणाला.

"पट्टीत मधे जे वजा होते, त्यातला बराचसा भाग," मी म्हणाले. "ते काम तू करणार आहेस, तर ते तुझे. वहिनींच्या वाट्यातले मात्र नाही."

रोज पंधरा किलोवर बोलणे ठरले. फार नाही. दीड एकराच्या बागेला भर बहरात ते पुरतही नाही, बाकीचा माल बाजारातच जाणार. पण वहिनी म्हणाल्या, "पंधरा किलोचं रोख पैसं रोज ठरलेलं आसलं, की मजुरीची काळजी मिटली. मग बाकीच्याला बाजारात काय बी भाव येऊ दे." लहान शेतकऱ्याला आधार म्हणजे काय, हे मला त्या एका वाक्यात कळले. त्याला सगळा माल घेणारा एकच मोठा गिऱ्हाईक लागत नाही, थोडा पण न चुकणारा लागतो.

तात्या उठून तराजूजवळ आले. काटा पंधरावर स्थिर झाला तेव्हा त्यांनी पाटीतून चार अंजिरे उचलून वर ठेवली. मुलगा म्हणाला, "आजोबा, वजन झाले." तात्या म्हणाले, "वजन झालं. ही रोज्याची."

भगिनींनो, आपण बाजारात फळ घ्यायला उभ्या राहतो तेव्हा त्या साखळीचे शेवटचे टोक आपल्या हातात असते. ताजे अंजीर घेताना अंगठ्याने दाबून पाहू नका, दाबलेले फळ तासाभरात काळे पडते आणि कोणीतरी ते बाद करते. देठाशी मऊ पडलेले, किंचित झुकलेले, थोडी चीर गेलेले फळ खराब नसते, तेच पिकलेले असते. ते आधी घ्या, आणि त्याच दिवशी खा. घरी आणल्यावर एकावर एक रचू नका, ताटात एकेरी पसरून फ्रिजमध्ये ठेवा, आणि खाताना धुवा. दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवायचे नाही, म्हणून थोडे घ्या पण पुन्हा पुन्हा घ्या. आणि जमले तर मोहल्ल्यातल्या चार-पाच घरांनी मिळून एखाद्या शेतकऱ्याकडे ठरलेल्या वारी, ठरलेल्या वजनाचा माल बांधून घ्या, भाव आधी बोला आणि पैसे त्याच दिवशी द्या. आपल्याला यात वेगळे काही दान करावे लागत नाही. सरळ व्यवहार केला तरी पुरे आहे.

परतताना घाटात एका खड्ड्यावर गाडी आदळली. घरी येऊन पाहिले तर खालच्या दोन डब्यांतली अंजिरे फुटली होती. मुलाने लगेच फोन हातात घेतला. मला वाटले वहिनींना सांगेल. त्याने फक्त पैसे पाठवले, पूर्ण पंधरा किलोचे. फुटलेली अंजिरे मी दुधात घालून ढवळली, मगरिबच्या अजानला खजुरानंतर सगळ्यांनी तेच प्यायले.

रात्री तरावीहहून आल्यावर तो अब्बांची वही मागत होता. मागे बरीच कोरी पाने आहेत. त्याने तारीख घातली, तात्यांचे नाव लिहिले आणि त्याखाली लिहिले, "पंधरा किलो. दिले." मग पुढच्या ओळीत स्वतःच्या नावाने, "दोन डबे. माझे."